सीलंट भरलं तरी जादा ट्यूब हवीच

‘ट्यूबमध्ये सीलंट भरा, पंप, पॅच, जादा ट्यूब घरीच ठेवा,’ असा मेसेज सायकलवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. सीलंट म्हणजे ट्यूबमध्ये भरायचा, छिद्र बुजवणारा चिकट द्रव. पण तो मेसेज अर्धाच खरा आहे.

काटा किंवा बारीक तार घुसून पडलेलं छिद्र सीलंट बहुतेकदा बुजवतं. पण खड्ड्याच्या कडेवर चाक आदळून ट्यूब रिमला चिमटली, की शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. कधी व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटते, कधी काचेने टायरची बाजूच कापली जाते. तिथे सीलंट नुसतं बाहेर येतं. शिवाय काही महिन्यांत ते वाळतं. जुनी ट्यूब कापून पाहा, आत गुठळ्या दिसतील. आणि छिद्र बुजलं तरी गेलेली हवा भरायला पंप लागतोच, हे मेसेजमध्ये सुटलंय.

म्हणून जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), पॅच आणि पंप सोबत असू द्या. माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ७००x२८. व्हॉल्व्हची लांबीही बघून घ्या, खोल रिमवर आखूड व्हॉल्व्ह पुरत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवा. काटा अनेकदा तिथेच रुतलेला असतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवून झाला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.