‘क्वीन मेरी’ निःशस्त्र नव्हती

दुसऱ्या महायुद्धात सैन्य वाहून नेणाऱ्या ‘क्वीन मेरी’ या ब्रिटिश प्रवासी जहाजाचे राखाडी रंगातले छायाचित्र फिरते आहे. सोबत दावा असा, की जहाजावर एकही तोफ नव्हती, ते केवळ वेगावर वाचले.

यातला वेगाचा भाग खरा आहे. २८ नॉटच्या (ताशी सुमारे ५२ किलोमीटरच्या) वर धावणाऱ्या जहाजाला गाठणे पाणबुडीला जवळपास अशक्यच होते. पण विमानापुढे या वेगाचे काय चालणार? म्हणून १९४० मध्ये थोडी शस्त्रे बसली आणि १९४२ मध्ये अमेरिकेत ती बरीच वाढवली गेली: मागच्या बाजूला सहा इंची तोफ, शिवाय तीन इंची तोफा, ४० मिलिमीटरच्या बोफर्स आणि २० मिलिमीटरच्या ऑर्लिकॉन या विमानविरोधी तोफा. प्रवाशांच्या डेकवर त्यांच्यासाठी खास चौथरे उभारले गेले. लांबून घेतलेल्या धूसर फोटोत ते दिसले नाहीत, तर नवल नाही.

हवाई हल्ल्याची धास्ती किती होती पाहा. २ ऑक्टोबर १९४२ रोजी आयर्लंडच्या उत्तरेला तिच्या संरक्षणाला आलेली ‘क्युरासोआ’ ही ब्रिटिश युद्धनौका विमानविरोधी क्रूझरच होती. दुर्दैवाने ती ‘क्वीन मेरी’च्याच धडकेने दुभंगली आणि तिच्यावरचे तीनशेहून अधिक नौसैनिक बुडाले.