सहा महिन्यांत यशस्वी ब्लॉग? त्या फिरत्या यादीला माझं उत्तर

ब्लॉग सुरू करावा असं कुणी नुसतं म्हटलं, तरी त्याच्याकडे एक यादी हमखास येऊन पोचते. कधी व्हिडिओच्या रूपात, कधी फॉरवर्ड मेसेजमध्ये. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. जाहिरातींना जास्त भाव असलेला विषय निवडा. रोज एक पोस्ट टाका, वेळ नसेल तर एआयकडून लिहून घ्या. प्रत्येक पोस्ट दोन हजार शब्दांची हवी आणि तिच्यात कीवर्ड, म्हणजे लोक गुगलवर शोधतात ते शब्द, भरपूर हवेत. फोटो गुगलवरून घ्या, खाली क्रेडिट द्या. पहिल्याच दिवशी डोमेन (ब्लॉगचा स्वतःचा पत्ता), होस्टिंग (ब्लॉग ठेवायची जागा) आणि चांगली थीम (मांडणीचा साचा) विकत घ्या. मिळेल तिथे लिंक टाका. आणि सहा महिन्यांत कमाई सुरू झाली नाही, तर बंद करा.

या यादीवर मी इतकं सविस्तर लिहितोय, कारण तिच्यामुळे चांगली माणसं लिहायची थांबतात. नवख्यांचे ब्लॉग मी आवडीने वाचतो. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं खरोखर काही असतं तीच माणसं ही यादी मनावर घेतात, धापा टाकत पोस्टी पाडतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गप्प होतात. आपल्याला जमत नाही, असा त्यांचा समज होतो. दोष यादीचा असतो.

विषयापासूनच सुरुवात करू. विमा, कर्ज, गुंतवणूक, आरोग्य या विषयांच्या जाहिरातींना भाव जास्त मिळतो, हे खरं आहे. पण म्हणूनच तिथे बँका, विमा कंपन्या, मोठी रुग्णालयं आणि पगारी लेखकांच्या फौजा बसलेल्या आहेत. शिवाय वाचकाच्या पैशाला किंवा प्रकृतीला धक्का लागू शकेल अशा विषयांत गुगल जास्त काटेकोर असतं. शोधाचे निकाल तपासणाऱ्यांसाठी गुगलची एक जाहीर मार्गदर्शिका आहे. तिच्यात लेखकाचं ज्ञान, अधिकार आणि विश्वासार्हता पाहायला आधीपासून सांगितलेलं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात प्रत्यक्ष अनुभवाचीही भर पडली. ज्याने आयुष्यात एकही पॉलिसी नीट वाचलेली नाही, त्याने विम्यावर ब्लॉग काढला तर त्याच्या हाती यातलं काहीच नसतं.

विषय निवडायची माझी कसोटी साधी आहे. लोक तुम्हाला आपणहून काय विचारतात? असे वीस प्रश्न कागदावर लिहून काढा. वीस झाले तर विषय तुमचा. सातव्या-आठव्या प्रश्नाशी पेन अडलं, तर विषय एक तर फार अरुंद आहे किंवा तुमचा नाही.

समजा, तुम्हाला सायकल दुरुस्त करता येते. यादीप्रमाणे चालणारा माणूस पहिली पोस्ट लिहितो ‘सायकल: इतिहास, प्रकार आणि फायदे’. ही पोस्ट कुणीही शोधत नाही, आणि ज्याला हवी असेल त्याच्यासाठी विश्वकोश आहेत. आता दुसरी पोस्ट पाहा: ‘गिअर बदलताना चेन स्पोकांच्या बाजूला का पडते?’ तिच्यात एवढंच आहे की मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागावर, दोन छोटे स्क्रू असतात, त्यांतल्या एकाशेजारी ‘एल’ हे अक्षर कोरलेलं असतं, चेन सर्वांत मोठ्या चकतीवरून आत पडत असेल तर तो स्क्रू पाव फेरा घट्ट करायचा, पॅडल फिरवून पाहायचं आणि गरज वाटली तरच आणखी पाव फेरा द्यायचा. सोबत स्क्रूचा जवळून घेतलेला एक फोटो. चारशे शब्दांतही हे मावतं. पण ज्याची चेन आत्ता पडली आहे आणि हात काळे झाले आहेत, तो ही पोस्ट शेवटपर्यंत वाचतो, जपून ठेवतो आणि तुमच्या ब्लॉगवर पुन्हा येतो.

रोज एक पोस्ट हा यादीतला सर्वांत घातक मुद्दा. त्यात एक अर्धसत्य आहे. रोज लिहिण्याची सवय लेखकाला खरंच उपयोगी पडते. पण रोज लिहिणं आणि रोज प्रसिद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत. रोज अर्धा तास बसा, टिपणं काढा, अर्धवट मसुदे साठवा. प्रसिद्ध मात्र तेच करा, जे वाचून कुणाचं तरी काम होईल. आठवड्याला एक झालं तरी पुष्कळ, महिन्याला दोन झाली तरी लाज वाटायचं कारण नाही. दर पोस्टीबरोबर तुम्ही एक जबाबदारीही वाढवत असता, हे यादी सांगत नाही. माहिती जुनी होते, लिंक मरतात, वाचक शंका विचारतात. सहा महिन्यांत एकशे ऐंशी पोस्टी टाकल्या, तर तेवढ्या सांभाळणार कोण?

भाराभर पातळ मजकुराचं काय होतं, हे घडून गेलेलं आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलने शोधाच्या क्रमवारीत ‘पांडा’ नावाचा बदल आणला आणि मोजून-मापून रोज ढिगाने लेख काढणाऱ्या साइट शोधात कोसळल्या. एआयकडून लिहून घेण्याच्या सल्ल्यालाही उत्तर मिळालेलं आहे. शोधात वर येण्यासाठी, वाचकाला फारसं काही न देणारी पानं घाऊक तयार करणं हा मार्च २०२४ पासून गुगलच्या नियमांत स्पष्ट गैरप्रकार आहे. ती माणसाने लिहिली की यंत्राने, याने फरक पडत नाही. शुद्धलेखन तपासायला किंवा मुद्द्यांचा क्रम लावायला यंत्राची मदत घ्या, माझी हरकत नाही. पण त्या यंत्राने तो स्क्रू कधी फिरवलेला नाही. तुम्ही फिरवला आहे, आणि वाचक त्यासाठीच आलेला असतो.

दोन हजार शब्दांचा आग्रह कुठून आला, हे ओळखणं अवघड नाही. शोधात वर दिसणारी काही पानं लांबलचक असतात, तेव्हा लांबीमुळेच ती वर आली असा निष्कर्ष लोक काढतात. लेखकांसाठीच्या गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शक पानावर हा प्रश्न सरळ विचारलेला आहे: गुगलला ठरावीक शब्दसंख्या आवडते असं ऐकून तुम्ही लिहिताय का? आणि उत्तरही तिथेच आहे, की तसं काही नाही. मजकूर न बदलता पोस्टीची नुसती तारीख ताजी करण्याची युक्तीसुद्धा त्याच पानावर नापसंत ठरवलेली आहे. उत्तर तीनशे शब्दांत संपत असेल तर तीनशे शब्दांतच थांबा. तीन हजार लागत असतील तर तेवढे लिहा, पण मधे उपशीर्षकं द्या.

कीवर्ड भरण्याचा सल्ला तर याहून शिळा. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी देण्याचा जो टॅग असतो, तो शोधाच्या निकालांचा क्रम लावताना आम्ही विचारात घेत नाही, हे गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. आजही नवख्याला तो रकाना भरायला सांगणारे व्हिडिओ सापडतात. शब्दांचं महत्त्व आहे, पण ते एवढंच: वाचक ज्या शब्दांत प्रश्न विचारतो ते शब्द शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात सहज यायला हवेत. पुढे तेच वाक्य दहा वेळा घुसडलं तर वाचकाला ते खटकतं आणि तो निघून जातो.

हे शब्द कळतात कुठून? गुगलचं ‘सर्च कन्सोल’ फुकट आहे, ते पहिल्याच आठवड्यात जोडून घ्या. कोणत्या शब्दांच्या शोधात तुमचं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी त्यावर क्लिक केलं, हे तिथे कळतं. समजा, चेनच्या त्या पोस्टीशेजारी तुम्हाला एक शोध दिसला: ‘नवी चेन लावल्यावर घसरते’. तुमच्या पोस्टीत याचं उत्तर नाही, म्हणून पान दिसतं पण क्लिक कुणी करत नाही. उत्तर मात्र तुम्हाला ठाऊक आहे. जुन्या चेनबरोबर मागच्या चकत्यांचे दातही झिजलेले असतात, नवी चेन त्यांत नीट बसत नाही आणि जोर दिला की सटकते. ही झाली तुमची पुढची पोस्ट. असा एक एक प्रश्न वाचकच तुमच्या हातात आणून देतात, आणि मला ब्लॉग लिहिण्यातला सर्वांत आनंदाचा भाग हाच वाटतो.

फोटोंबद्दल थोडक्यात. क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं होत नाही. १८८६ च्या बर्न कराराच्या चौकटीत, कसलीही नोंदणी न करता, कलाकृती तयार होताच निर्मात्याचा हक्क सुरू होतो. गुगल फक्त फोटो दाखवतं, तो गुगलच्या मालकीचा नसतो. स्वतः काढा, नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला दिलेले, फोटो शोधा आणि त्या परवान्याच्या अटी पाळा. फोनवर काढलेला फोटो कित्येक एमबींचा असतो, तो तसाच चढवू नका. रुंदी बाराशे पिक्सेलच्या आसपास आणली तर बहुतेक पोस्टींना पुरते आणि पान झटकन उघडतं.

खर्चाच्या मुद्द्यावर यादी अर्धी बरोबर आहे, पण तिचा क्रम चुकलेला आहे. विकत घ्यायचं असेल तर एकच गोष्ट घ्या, ती म्हणजे स्वतःचं डोमेन. कंपन्या बंद होतात, धोरणं बदलतात. लाखो लोकांची घरची पानं जिथे होती ते जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. लोक ज्यातून ब्लॉग वाचत ते गुगल रीडर १ जुलै २०१३ ला गेलं. पत्ता तुमचा असेल तर बिऱ्हाड हलवता येतं आणि वाचकाला जुन्याच पत्त्यावर तुम्ही सापडता. फक्त दोन गोष्टी पाहा. डोमेनची नोंद तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवी, साइट बनवून देणाऱ्याच्या नाही. आणि पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नका, नूतनीकरणाला किती पडेल ते आधी विचारा.

थीम, लोगो आणि डझनभर प्लगइन (ब्लॉगला जोडायच्या जादा सोयी) यांची सुरुवातीला गरज नसते. ब्लॉगर १९९९ पासून चालू आहे, वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला आली. दोन्हींवर फुकट सुरुवात करता येते आणि दोन्हींतून स्वतःचा मजकूर उतरवून घेता येतो. थीममध्ये पाहायचं ते इतकंच: फोनवर अक्षरं स्वच्छ वाचता येतात का, आणि पान लवकर उघडतं का.

मिळेल तिथे लिंक टाका, या सल्ल्याने लेखकाचं नावच खराब होतं. इतरांच्या कॉमेंटमध्ये लिंका चिकटवण्याचा सुळसुळाट झाला, म्हणून जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली. बहुतेक ठिकाणी कॉमेंटमधल्या लिंकला ती आपोआप लागते आणि शोधातल्या क्रमासाठी त्या लिंकचा फारसा उपयोग उरत नाही. विकत घेतलेल्या आणि बनावट लिंकांवर एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ बदलाने घाव घातला. त्यापेक्षा कुणी तुमच्या विषयातला प्रश्न विचारला असेल तर तिथेच पूर्ण उत्तर लिहा, आणि खरोखर आणखी तपशील हवा असेल तरच लिंक द्या. ज्यांना पुढचं वाचायचं आहे त्यांच्यासाठी ब्लॉगवर ईमेल नोंदवायची सोय ठेवा. ती ईमेलची यादी वाढायला वेळ लागतो, पण ती तुमच्याकडेच राहते.

आता पैसे. ब्लॉगमधून पैसे मिळतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. काहींना मिळतात. पण सहा महिन्यांचा वायदा करणाऱ्यांनी जरा आकडे मांडावेत. ब्लॉगवर जाहिराती दाखवणाऱ्या गुगलच्या अॅडसेन्समध्ये जाहिरातदार जे मोजतो त्यातला साधारण ६८ टक्के हिस्सा ब्लॉगवाल्याला मिळतो, आणि डॉलरमधल्या खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय रक्कम हातात येत नाही. हजार वेळा पान पाहिलं गेलं की तुम्हाला एक डॉलर मिळतो असं सोयीसाठी धरू. म्हणजे पहिल्या शंभर डॉलरसाठी पान एक लाख वेळा पाहिलं जायला हवं. भाव विषयाप्रमाणे आणि वाचकाच्या देशाप्रमाणे कमी-जास्त होतो, पण नव्या ब्लॉगला हा पल्ला सहा महिन्यांत गाठता आला नाही, तर त्यात अपयश कुठे आलं? अनेकांच्या बाबतीत ब्लॉगचं उत्पन्न जाहिरातीतून येतच नाही. तो वाचून कुणीतरी काम देतं, शिकवायला बोलावतं, सल्ला मागतं. सायकलवाल्याकडे लोक सायकल घेऊन येतात.

म्हणून सहा महिन्यांनी ब्लॉग बंद करायचा की नाही, हे कमाईवर ठरवू नका. सर्च कन्सोल उघडा आणि मागच्या तीन महिन्यांचे शोध पाहा. तुमच्या विषयातले नवे प्रश्न तिथे दिसू लागले आहेत का? ज्याला तुम्ही ओळखत नाही अशा कुणी शंका विचारली आहे का, किंवा सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं, असं कळवलं आहे का? यातलं काही घडलं असेल तर चालू ठेवा. काहीच घडलं नसेल तर त्या वीस प्रश्नांच्या कागदाकडे परत जा, पोस्टी त्यांची उत्तरं देतात का ते तपासा आणि सर्वांत जास्त वेळा दिसलेलं पण सर्वांत कमी क्लिक मिळालेलं पान आधी हाती घ्या. त्याचं शीर्षक वाचकाच्या प्रश्नासारखं करा, उत्तर पहिल्या परिच्छेदात आणा आणि महिनाभराने आकडे पुन्हा पाहा.