शाळांना पेट्या वाटू नका, पेटीवर बसणारा माणूस द्या

आज पुण्यातल्या एका महापालिका शाळेतलं लोखंडी कपाट उघडलं आणि डोकंच फिरलं. शाळेचं नाव लिहीत नाही, दोष तिचा नाहीच. आत दोन पेट्या, म्हणजे हार्मोनियम, आणि एक तबलाजोडी. प्रत्येकावर देणगीदाराचा 'सप्रेम भेट' स्टिकर, अजून चकचकीत. पहिल्या पेटीचा भाता हलवला तर नुसती फुस्स. घड्यांमधलं चामडं उंदरांनी कुरतडलंय, आत लेंड्या. दुसरीचा भाता धड आहे, पण मध्य सप्तकातला गंधार पट्टी न दाबताच वाजत राहतो. स्प्रिंग गंजून मोडलीय, झडप बसतच नाही. तबल्याची शाई, म्हणजे मधला काळा गोल, उडालीय; डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटलीय. आणि हातोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरचं स्टेपल तसंच. म्हणजे तो तबला एकदाही सुरात लावलेला नाही. आला, फोटोत दिसला, कपाटात गेला.

हे का होतं ते सांगतो. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि पुष्कळांना त्याची आठवण मार्चमध्ये येते. मग घाईघाईनं वाद्यं घेतली जातात आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर शाळेत येऊन पडतात. एप्रिलमध्ये कोण शिकवणार? मे महिना कुलूप. उन्हाळ्यात पुडी ताणून तडकते. जूनमध्ये ओल धरते, पुडी उतरते, पेटीतल्या स्प्रिंगा गंजतात. वाद्य वाजायच्या आधीच त्याचं वर्ष संपतं. चांगली पेटी पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते हो! तेवढ्या पैशात काय काय झालं असतं!

वाद्यं लागतात, मान्य. फोटोशिवाय पुढच्या वर्षीचा पैसा येत नाही, हेही मान्य. पण माणसाचं काय? शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलंय. आपल्या आसपासच्या किती शाळांत तो येतो आणि आला तर त्यातला गाणं शिकवणारा किती ठिकाणी असतो, ते तुम्हीच बघा.

मला म्हणायचंय ते एवढंच. गाणं शाळेत न्यायचं असेल तर आठवड्याला दोन तास घेणाऱ्या शिक्षकाचं मानधन द्या, आणि तेही सलग दोन वर्षांचं. सहा महिन्यांत सुर-ताल कानात बसायला लागतो, तेवढ्यात प्रकल्प संपतो आणि मुलं पुन्हा शून्यावर.

पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एकच पेटी घेऊन काय करायचं, हा प्रश्न नेहमी येतो. पहिले दोन महिने पेटी काढूच नका. फोनवर तानपुरा लावा, छोटा स्पीकर जोडा, ओळी समोरासमोर बसवा. षड्ज, म्हणजे सा, मुलांच्या गळ्याचा धरा, पेटीवरची काळी चार ते काळी पाच (चौथी ते पाचवी काळी पट्टी). बुवा लोक स्वतःच्या काळी एकमध्ये शिकवायला बसतात, मग अर्धी मुलं खर्जात पुटपुटतात आणि अर्धी वर किंचाळतात. मग आपणच म्हणायचं की या पोरांना सूर नाही! सूर आहे. पट्टी चुकीची आहे.

देणगीत आलेला काळी एकचा तबला मग निरुपयोगी होतो असंही नाही. काळी चारच्या षड्जाला तो मध्यम (म) होतो, काळी तीनच्या षड्जाला पंचम (प). शिक्षकाला हे माहीत असलं की एकाच जोडीवर काम भागतं.

ताल तर हातावरच शिकवा. दादरा, केरवा, मग त्रिताल. सोळा मात्रा, टाळी एक, पाच आणि तेरावर, खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, नऊवर. मुलं खालीपाशी हमखास धावतात, कारण टाळीचा आवाज थांबला की त्यांना वाटतं मोकळी जागा आली. तिथे बोल मोठ्यानं म्हणायला लावले की चार तासांत लय धरतात.

आणि खरं सांगू, यात आपली वस्त्यांमधली पोरं कुणापेक्षाही पुढे असतात. पर्वतीच्या, दांडेकर पुलाच्या, येरवड्याच्या गल्ल्यांत पावसाळा सुरू झाला की ढोल-ताशाचा सराव कानावर असतोच. ताशाची तर्री (ताशावरचा भरभर वाजणारा बोल) जिभेवर घोळवत शाळेत येणाऱ्या पोराला सोळा मात्रा म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही, त्याला फक्त त्याचं नाव सांगायचं असतं. घरात भजनी मंडळाचा पखवाज असतो, आजीच्या हातात टाळ असतात. सातवीतली एखादी मुलगी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून नेमक्या समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलवते, ते बघितलं की राग विरघळतो. तिला कुणी विचारलेलंच नसतं, एवढंच.

पण पुन्हा राग येतो तो दहावीच्या गुणांपाशी. शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात. चांगलीच गोष्ट. पण प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा असं चढत जायला क्लासची फी आणि परीक्षेची फी भरावी लागते. क्लासवाल्या घरातलं मूल ते गुण घेऊन जातं, मनपा शाळेतलं मूल तितकंच सुरेल असून बाहेर राहतं. ज्या शहरात गायक भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज उभा केला, १९५३ पासून सवाई गंधर्व संगीत महोत्सव भरतो, आणि डिसेंबरात आपण सगळे शाली घेऊन तिथे बसतो, त्या शहरात हे चालू द्यायचं?

तर ज्यांना द्यायचंय त्यांनी असं द्या. शिक्षकाचं दोन वर्षांचं मानधन आधी बाजूला काढा. ज्या शाळेत वाद्यं पडून आहेत तिथे नवीन घेऊ नका, दुरुस्तीचे पैसे द्या. भात्याचं चामडं बदलता येतं, स्प्रिंग बदलता येते, पुडी नवी चढते. मुकी झालेली रीड (पेटीतली सूर देणारी धातूची पट्टी) बहुतेक वेळा धुळीच्या कणानं अडकलेली असते, तिच्याखालून पातळ कागद सरकवला की मोकळी होते. टाचणीनं टोकरू नका, सूर कायमचा बिघडतो. सुटीआधी तबल्याचे गट्टे, म्हणजे बाजूचे लाकडी ठोकळे, वर घेऊन ताण उतरवा, वाद्यं भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवा, पेटीच्या खोक्यात डांबरगोळ्या टाका. परीक्षेची फी देणारा वेगळा देणगीदार बघा, रक्कम छोटी असते. आणि मार्चमध्ये देऊ नका, जूनमध्ये द्या, शिक्षक वर्गात आल्यावर.

ज्या शाळेचं कपाट आज उघडलं, तिथली धड भात्याची पेटी दुरुस्तीला नेतोय. स्प्रिंग आणि झडपेचं काम होऊन जाईल. आठवड्याला दोन तास देऊ शकेल असा शिक्षक मात्र अजून नाही. मध्यमा पूर्णच्या पुढचं शिकलेलं, स्वारगेटच्या आसपास राहणारं कुणी माहितीत असेल तर मला मेसेज करा. मानधन मिळेल, फुकट बोलावत नाही.