आवाज कुणाचा?

गणपती झाले की देवी, देवी उठली की जयंत्या, मधे कुणाचा तरी उरूस, आणि भोंगे तर बारमाही! धर्म कुठलाही असो, स्पीकरच्या भिंती मात्र त्याच भाड्याच्या टेम्पोवरच्या. नियम आहेत की, 2000 सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. रात्री 10 ला बंद. सरकार वर्षातून फार तर 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. वाचलंय कुणी? परवान्यावर सही करणाऱ्याने तरी?

बरं, मोजणार कसं? मीटर येतोय म्हटलं की आवाज खाली, गाडी वळली की वर. त्यातून मीटर 'ए' मापनावर, म्हणजे कानासारखा खालच्या पट्टीचा आवाज कमी मोजणाऱ्या पद्धतीवर! 63 हर्ट्झचा खोल दणका तो सुमारे 26 डेसिबलने कमीच धरणार. अठरा इंची बास नेमका त्याच पट्ट्यात घुमतो. तावदानं थरथरतायत, आजोबांची छाती धडधडतेय, आणि मीटर बिचारा सौम्य. वर ऐकायचं, 'दहाच तर जास्त होते हो!' दहा डेसिबल म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, साहेब! बेरीज नाहीये ती!

ध्वनिक्षेपक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यावर दोन्हीकडून एकच उत्तर: 'आधी त्यांचे उतरवा!' तेही माइकवरून.