‘दुबईत बघायला आहे काय?’ – काकांच्या फॉरवर्डला उत्तर

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर धाकट्या काकांनी एक लांबलचक मेसेज टाकला. ‘दुबईला जाण्याआधी हे वाचा, लाखो रुपये वाचवा.’ तुमच्याकडेही आला असेल. मला तो तीन ग्रुपांवर मिळाला. एकात त्याचे लेखक कुणी निवृत्त कर्नल होते, दुसऱ्यात प्रसिद्ध उद्योगपती. आशय थोडक्यात असा: पन्नास वर्षांपूर्वी तिथे नुसती वाळू होती, इतिहास शून्य. तेल निघालं म्हणून हा थाट. खिशात लाखो नसतील तर जाऊच नका. गेलातच तर सोनं आणा, तिकीट वसूल. बाकी सगळं नकली, तिथला मूळ माणूसही दिसत नाही. शाकाहाऱ्यांची उपासमार आणि देवदर्शन नाही, तेव्हा डबे भरून घरून न्या.

जानेवारीत आई आणि मी पहिल्यांदाच दुबईला जाऊन आलो. सहा दिवस, करामा भागात मामेभाऊ राहतो त्याच्याकडे. काकांना फोनवरच सांगणार होते, पण फोनवर काका बोलतात आणि मी ऐकते. म्हणून लिहून काढतेय.

‘पन्नास वर्षांपूर्वी नुसती वाळू’

काका, या एका वाक्यासाठी तुम्हाला मुद्दाम खाडीवर नेऊन उभं करायला हवं. दुबईच्या मधोमध खाऱ्या पाण्याची खाडी आहे, एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. या काठावरून त्या काठाला लाकडी होड्या जातात, त्यांना अब्रा म्हणतात. भाडं एक दिरहम. मधोमध लांब बाकडं, त्यावर लोक पाठीला पाठ लावून बसतात आणि होडीवाला मधल्या खड्ड्यात उभा राहून सुकाणू सांभाळतो. खाडीच्या मध्यावर आलं की तो हात पुढे करतो, तुम्ही नाणं ठेवायचं. नाण्यावर चोचदार कॉफीची किटली असते. आई म्हणाली, ‘भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचो तसंच की गं हे.’ फक्त इथे पाच-सात मिनिटांत उतरायचं.

बर दुबईच्या बाजूला अल फहिदीचा किल्ला आहे, 1787 च्या सुमाराचा. म्हणजे पुण्यात नाना फडणवीस कारभार बघत होते तेव्हाचा. त्याच्याच शेजारी जुन्या घरांची वस्ती, पूर्वी तिला बस्तकिया म्हणत. इराणच्या बस्तक भागातले व्यापारी इथे येऊन राहिले, म्हणून ते नाव. 1894 मध्ये तेव्हाचे शेख मक्तूम बिन हशर यांनी परदेशी व्यापाऱ्यांना करमाफी दिली, आणि पलीकडे इराणच्या बंदरांत जकात वाढल्यावर लोक माल आणि बायकामुलं घेऊन या काठाला आले. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाच्या, वर जिप्समचा गिलावा. छपरावर चौकोनी मनोरे, त्यांना बारजील म्हणतात. चारी बाजूंनी उघडे, त्यामुळे वारा कुठूनही येवो, आतल्या पडद्यांना अडून खाली खोलीत उतरतो आणि खोलीतली गरम हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. एका घरात आई नेमकी त्या मनोऱ्याखाली थांबली. बाहेर गल्लीत पानही हलत नव्हतं, आणि हिचा पदर डोक्यावरून उडाला. ती तिथून हलायलाच तयार नव्हती. वीज नसताना लोक असे राहत होते, हे तिला बुर्ज खलिफापेक्षा भारी वाटलं. मलाही.

आता मराठी घरातली गोष्ट. आजीच्या नथीतल्या मोत्यांना आपण ‘बसऱ्याचे मोती’ म्हणतो ना? ते बसऱ्याला पिकत नसत. आखाताच्या पाण्यात बुडी मारून काढलेले शिंपले ते, आणि त्या मोत्यांचा मोठा बाजार होता मुंबईत. दुबई त्या मोत्यांवर जगत होती. 1930 च्या आसपास जपानचे संवर्धित मोती आले, वर जागतिक मंदी, आणि धंदा बसला. वाळूत राहणाऱ्यांचं दिवाळं निघत नाही. निघालं, कारण तिथे बाजारपेठ होती.

आणि ही गोष्ट तर मला आधी खोटीच वाटली होती: दुबईत 1966 पर्यंत आपला रुपया चालत होता. 1909 साली तिथे पहिलं टपाल कार्यालय उघडलं तेही हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, कारण तिकडून सोनं चोरून आपल्या किनाऱ्यावर येत होतं आणि त्या बदल्यात गेलेले रुपये आपल्याच परकी गंगाजळीला भोक पाडत होते. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यांनी रुपया सोडला. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाने दुबईला इतिहास नाही म्हणावं, याचं मला म्हणूनच जास्त हसू आलं.

एवढं कबूल करते की शेख झायेद रस्त्यावरचे मनोरे बघितले तर मेसेजवाल्याचं वाक्य पटतं. तो भाग खरोखरच कालचा आहे. पण चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंट बघितला आणि मुंबईचं वय ठरवलं, तसं झालं हे.

‘तेल निघालं म्हणून’

अर्धसत्य. दुबईत तेल सापडलं 1966 मध्ये, निर्यात सुरू झाली 1969 मध्ये. पण खाडीत गाळ साचून मोठी गलबतं आत येईनात, तो गाळ उपसायचं काम 1959 ला काढलं होतं, कुवेतकडून कर्ज घेऊन. विमानतळ 1960 चा. म्हणजे तेलाचा थेंब हाती नसताना उधारीवर बंदर नीट केलं. पुढे रशीद बंदर, जेबेल अली बंदर झाली त्यात तेलाचा पैसा कामी आला, हेही खरं. पण आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी किरकोळ आहे. दुबई, अबुधाबी धरून सात अमिरातींचा, म्हणजे संस्थानांचा, मिळून तो देश, आणि त्यांचं बहुतेक सगळं तेल अबुधाबीत. 2009 मध्ये दुबई कर्जात रुतली तेव्हा अबुधाबीनेच 10 अब्ज डॉलर देऊन सोडवली. जानेवारी 2010 मध्ये 828 मीटरचा ‘बुर्ज दुबई’ उघडला तो ऐन वेळी अबुधाबीच्या शेख खलिफांचं नाव लावून. घरावर नाव कुणाचं आणि हप्ता कोण भरतोय, हे आपल्याला समजायला वेळ लागू नये.

‘लाखो नसतील तर जाऊ नका’

विमानाचं तिकीट आणि हॉटेल महाग, यावर वाद नाही. आमचं हॉटेल वाचलं म्हणून आम्ही गेलो. पण शहरात हिंडणं महाग नाही. आम्ही गेलो तेव्हा दिरहम साधारण 23-24 रुपयांना होता. मेट्रोचं चंदेरी नोल कार्ड घेतलं की एका झोनमध्ये 3 दिरहम, लांबात लांब साडेसात. आईने पहिल्याच दिवशी सगळ्यात पुढच्या काचेपाशी जागा पकडली. गाडीला चालक नसतो, त्यामुळे समोरचा रूळ आपणच बघायचा. (डब्यात काही खायचं नाही, 100 दिरहम दंड आहे. आईच्या पर्समधली आवळा सुपारी मी काढून घेतली.) बुर्जच्या पायथ्याचं कारंजं बघायला पैसे लागत नाहीत. जुनी वस्ती, मसाल्यांचा बाजार, सोन्याचा बाजार, धक्क्याला लागलेली मालाची गलबतं, समुद्रकिनारा, सगळं फुकट. बुर्जवर जायचं तिकीट महाग, आणि सूर्यास्ताच्या वेळेचं आणखी महाग. आम्ही त्याऐवजी दुबई फ्रेमवर गेलो. 150 मीटर उंच चौकटीसारखी इमारत, एका बाजूने जुनी दुबई दिसते, दुसऱ्या बाजूने नवी.

पैसे वाया गेले ते वाळवंटातल्या जीप सफारीत. गाडीवाल्याने ठरल्यापेक्षा जास्त घेतले, टेकाडांवरून गाडी अशी उडवली की आईला ओकारी झाली, आणि वर उंटाबरोबरच्या फोटोचे वेगळे पैसे. मेसेजमध्ये याबद्दल सावध केलं असतं तर मी स्वतः तो पुढे पाठवला असता.

‘सोनं आणा, तिकीट वसूल’

हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, तो विमानतळावर अडकवणारा आहे. महिलांना 40 ग्रॅम, पुरुषांना 20 ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात, हे जे सगळे सांगतात ते एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी. सहा दिवस फिरून आलेल्यांसाठी नाही. त्यात जुलै 2024 मध्ये आपल्याकडे सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं, तेव्हा भावातला जुना फरकच आटला. तिथे 5 टक्के व्हॅट, तो पर्यटकाला परत मागता येतो पण विमानतळावर रांग लावून, घडणावळ वेगळी. देराचा सोन्याचा बाजार बघायला जरूर जा. काचेआड माणसाच्या अंगाएवढे सोन्याचे अंगरखे टांगलेले असतात. आईने अर्धा तास बघितले आणि म्हणाली, ‘घालून बसायचं कसं?’

‘सगळं नकली’

समुद्रात वाळू ओतून केलेलं खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, मॉलमध्ये बर्फाची घसरगुंडी. आहे, नकली आहे. मला त्या बर्फात काडीचा रस नव्हता, आम्ही गेलो नाही. पण भराव घालून जमीन करणं हे नकलीपण असेल तर सात बेटं जोडून उभ्या राहिलेल्या मुंबईकरांनी तरी ते बोलू नये. मरीन ड्राइव्हवर बसून हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याच्या पायाखाली काय आहे?

आणि शहराच्या कडेला, खाडी जिथे संपते तिथे रास अल खोर नावाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. लाकडी आडोशात उभं राहून बघायचं, तिकीट नाही. समोर चिखलात गुलाबी रांग, एकेक पाय उचलून चोच उलटी करून चिखल गाळणारी, आणि तिच्या मागे धुक्यात बुर्ज. आम्ही ऐरोलीला ठाणे खाडीत दरवर्षी रोहित बघतो, तरी तिथे तासभर थांबलो. ते पक्षी नकली नव्हते.

‘मूळ माणूसच दिसत नाही’

अमिराती नागरिक दुबईत दहातला एक, हे खरं. पण जो दिसतो तो माणूस नाही का? देशातल्या लोकसंख्येत भारतीयच एक तृतीयांशाच्या घरात. अब्रा चालवणारा बांगलादेशी, चहावाला मलबारी, टॅक्सीवाला पेशावरचा. तो आईला ‘अम्माजी’ म्हणत थेट दारापर्यंत सोडून गेला. अमिराती लोकांना भेटायचंच असेल तर अल फहिदीत शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे अमिराती यजमान सतरंजीवर बसवून जेवू घालतात आणि धर्म, बुरखा, लग्न, काहीही विचारा म्हणतात. आईने विचारलं, सुना सासूजवळ राहतात का. त्यावर दहा मिनिटं हशा चालला.

मेसेजला बोचायला हवं होतं ते त्यात नाहीच. शहराच्या टोकाला मजुरांच्या वसाहती आहेत, त्यातल्या एकीला सगळे ‘सोनापूर’ म्हणतात. काचेचे मनोरे उभे करणारी माणसं एका खोलीत कितीतरी जण मिळून राहतात. संध्याकाळी बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपलेली दिसतात. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा असूनही त्याच्या तक्रारी येत राहतात. मामेभाऊ म्हणाला, ‘हे बघायला कुणी तिकीट काढत नाही.’

‘उपासमार, देवदर्शन नाही, डबे न्या’

करामा आणि मीना बाजारात चालत गेलं तरी इडली, गुजराती थाळी, वडापाव मिळतो. चहाला ‘करक’ म्हणतात, तो आपला ‘कडक’च. बर दुबईत खाडीकाठी 1958 पासून देऊळ होतं, जेबेल अलीचं मोठं मंदिर ऑक्टोबर 2022 मध्ये उघडलं, आणि अबुधाबीच्या वाटेवरचं गुलाबी दगडाचं स्वामीनारायण मंदिर फेब्रुवारी 2024 मध्ये. त्याला सात शिखरं, सात अमिरातींची.

राहिले डबे. काका, इथे नीट वाचा. अमिरातींमध्ये खसखस हा बंदी असलेला अमली पदार्थ आहे, मसाल्यातलीसुद्धा. आपल्या अनारशांना काय लावतात? आईने भाच्यासाठी तीस अनारसे तळून डब्यात भरले होते. निघायच्या आदल्या रात्री मामेभावाचा फोन आला, ‘आत्या, खाऊ काय आणतेयस?’ आणि तिने यादी वाचायला सुरुवात केली. तो मध्येच ओरडला. रात्री साडेअकराला ते तीस अनारसे आम्ही शेजाऱ्यांच्या दारोदार वाटले.