लॅटिनो मुलांच्या थेरपीबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

'अमेरिकेत लॅटिनो मुलांना थेरपीच्या नावाखाली समलिंगी बनवतात आणि आईवडिलांपासून तोडतात' असा मेसेज फिरतोय. (लॅटिनो म्हणजे मूळचे लॅटिन अमेरिकेतले, बहुतेक स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतले.) परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला. चूक झाली, म्हणून हा खुलासा.

समुपदेशनाने कुणी समलिंगी 'बनत' नाही. उलट दिशेनेही तेच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००९ साली संशोधन तपासून सांगितलं, की लैंगिक कल बदलता येतो याला पुरेसा पुरावा नाही.

आणि आईवडिलांपासून तोडणं? स्थलांतरितांच्या घरातली बारा वर्षांची मुलगी दवाखान्यात आईचं स्पॅनिश डॉक्टरांना इंग्रजीत सांगते, वीजबिलाचा फोनही तीच करते. मोठेपणी ती समलिंगी असेल, तर तिला 'घर सोड, मोकळी हो' एवढाच सल्ला कसा पुरेल? तिची संस्कृती जाणणारा समुपदेशक तिच्या घरच्या ओढीला आजार मानत नाही, तिच्या समलिंगी असण्यालाही नाही. आई आलीच तर तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलणं होतं, लेकीला दुभाषी व्हावं लागत नाही.

घरच्यांचं वागणं किती महत्त्वाचं, हे संशोधक केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच दाखवलं. गोऱ्या आणि लॅटिनो अशा २२४ समलिंगी-उभयलिंगी तरुणांपैकी ज्यांना घरून तीव्र नकार मिळाला होता, त्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता, असा नकार न मिळालेल्या किंवा कमी मिळालेल्या तरुणांपेक्षा ८.४ पट जास्त निघाली.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. मी टाकलाय.