गुरू पाहिजे, शक्यतो कोथरूडमध्ये

घराचे हप्ते संपत आले, मुलगी शिकायला परदेशी गेली आणि डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली, की माणसाला गुरू लागतो. तुम्हालाही लागेल. फक्त घाई करू नका. गुरू मिळाला की साधना करावी लागते. शोध चालू असेपर्यंत मात्र 'पहाटे किती वाजता उठता?' असं विचारायला कुणी येत नाही. 'अजून योग आला नाही हो' म्हटलं की समोरचा हळहळतो, चहा टाकतो, आणि तुम्ही साधक ठरता.

आधी अपेक्षा कागदावर उतरवा. मुलीसाठी स्थळ बघताना आपण जेवढी चौकशी करतो तेवढी इथेही हवीच. गुरू हिमालयात बारा वर्षं राहून आलेला असावा, पण मराठी स्वच्छ बोलणारा. विरक्त असावा, पण संसार सोडा म्हणणारा नको. शाकाहाराचा आग्रह चालेल, मात्र बुधवार आणि रविवार वगळून. परंपरा जुनी हवी, खुर्च्या नव्या. मांडी घालून बसायला लावणाऱ्या ठिकाणी गाडी लावायला जागाही नसते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आता काही मार्ग सुरुवातीलाच खोडून टाका. वारकरी संप्रदाय, उदाहरणार्थ. माळ घालायला फी नाही, मुलाखत नाही, गळ्यात तुळशीची माळ घालणारे महाराज गावोगावी भेटतात. पण त्या माळेबरोबर मद्यमांस सुटतं, एकादशी धरावी लागते, पंढरीची वारी चुकवून चालत नाही. एवढं स्वस्तात मिळणारं इतकं महाग पडत असेल तर नकोच. गुरुचरित्राचा सप्ताहही नको. सात दिवस सोवळं, साधं अन्न आणि जमिनीवर झोप. गादी सोडून मोक्ष मिळवण्याइतकी आपली कंबर राहिलेली नाही. गोंदवल्याला तर त्याहून अडचण. ब्रह्मचैतन्य महाराज 1913 साली गेले, ते जन्मभर नाम घ्या हेच सांगत. चार माणसांत सांगायचं काय? 'मी सध्या नाम घेतो' म्हटल्यावर 'बरं, आणि?' असंच कुणीही विचारेल. 'माझं सध्या आज्ञाचक्रावर काम चालू आहे' म्हणून बघा. ताटातला शेवटचा बटाटेवडा तुमच्या पुढ्यात येईल.

या शोधात समर्थ रामदासांची मोठी मदत होते. दासबोधात पाचव्या दशकात गुरूची लक्षणं सांगताना ते म्हणतात, 'शिष्यास न लविती साधन । न करविती इंद्रियेंदमन । ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥' आपल्याला हवा असलेला गुरू याहून अचूक कुणी वर्णन केलेला नाही. साधन लावत नाही, इंद्रियांना हात लावत नाही, भावही परवडण्याजोगा. शेवटचा शब्द तेवढा वाचू नका. स्वतः समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. हिशेब मांडला तर रोजचा जप तीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे पावणेतीनशे माळा. हा हिशेब फार वेळ बघत बसू नये, माणूस खचतो.

एकाच गुरूवर थांबायची गरज नाही. भागवतातल्या अवधूतानं चोवीस गुरू केले होते, हे वाक्य पाठ करून ठेवा, कुठल्याही बैठकीत चालतं. त्यात पृथ्वी होती, अजगर होता, मधमाशी होती, आणि हातात एकच बांगडी ठेवून आवाज थांबवणारी एक मुलगीही होती. अवधूतानं प्रत्येकाकडून एकेक गोष्ट घेतली आणि ती आचरली. तुम्ही पहिला अर्धा भाग घ्या. सोमवारी क्रिया, गुरुवारी दत्त, शनिवारी ध्यानशिबिर, मधल्या वेळात मोबाइलवर एका स्वामींचं सव्वा तासाचं प्रवचन, तेही दीडपट वेगानं. एका ठिकाणी अवघड काही सांगितलं की दुसऱ्या ठिकाणची परंपरा आठवायची.

हृषीकेशला एकदा जाऊन यावंच. तिथे योगशिक्षकाचा दोनशे तासांचा अभ्यासक्रम मिळतो. पतंजलींनी अभ्यासाबद्दल 'दीर्घकाळ, खंड न पडता' अशी मोघम भाषा वापरली. दोनशे तास कसे स्पष्ट आहेत. शिवाय महर्षी महेश योगींच्या ज्या आश्रमात 1968 साली बीटल्स राहिले, तो आता वनखात्याचं तिकीट काढून बघता येतो. तिथे भिंतीवरच्या चित्रासमोर डोळे मिटून काढलेला फोटो पुढची पाच वर्षं पुरतो. ध्यान प्रत्यक्ष लागलं तर चेहरा बावळट दिसतो, तेव्हा सांभाळून.

गुरुदक्षिणेचा प्रश्न नाजूक आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात 'रामकृष्णहरि' मंत्र दिला आणि पावशेर तूप मागितलं. ते द्यायचं राहूनच गेलं, असं तुकोबांनी स्वतःच अभंगात म्हटलं आहे. हल्ली असं होत नाही. तुपाची आठवण करून देणारा संदेश आदल्या दिवशी येतो, सोबत चौकोनी कोडही असतो. पैसे मागितले म्हणून गुरू खोटा असं मात्र समजू नका. आश्रमालाही वीजबिल येतं. पण तुमच्या बोटातली अंगठी, बायकोची पाटली, गावचा सातबारा यांत महाराजांना रस वाटू लागला आणि तुम्हाला शंका आली, तर ती गिळा. 'शंका म्हणजे अहंकार' असं सांगणारा एक जुना शिष्य खास त्यासाठीच शेजारी बसवलेला असतो. चमत्कार दाखवून लुबाडणं महाराष्ट्रात 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, ही माहिती सत्संगात काढू नये. वातावरण बिघडतं.

तुमचा अपमान करणाऱ्या गुरूपासून तर दूरच राहा. नामदेवांसारख्या नामदेवांना गोरोबांनी थापटणं मारून कच्चं मडकं ठरवलं, अशी कथा आहे. नामदेव रागावून विठ्ठलाकडे गेले, तर त्यानंही गोरोबांचीच बाजू घेतली आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पिटाळलं. तिथे हा म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय टाकून निजलेला. नामदेव थांबले. तुम्ही त्याच क्षणी परतीची गाडी पकडली असती, जाताना एक तारा देऊन अभिप्रायही लिहिला असता, आणि तुमचं चुकलं असं अख्ख्या सोसायटीत कुणी म्हणालं नसतं.

इतकी काळजी घेऊनही एखाद्यानं अनुग्रह दिलाच तर घाबरू नका. जप लगेच सुरू करायचा नसतो. आधी गुरुपुष्यामृत बघा. कॅलेंडरात या महिन्यात नसेल तर पुढच्या महिन्यात असेल. मग माळ. तुळशीची की रुद्राक्षाची, यावर घरात दोन मतं निघतील, ती निघू द्या. रुद्राक्ष ठरला तर खरा की खोटा हे तपासायला एक पावसाळा सहज जातो. मग गोमुखी शिवून घ्यायची, आसन आणायचं, देवघर ईशान्येला हलवायचं आणि त्यासाठी सुतार शोधायचा. पुण्यात सुतार मिळणं गुरू मिळण्यापेक्षा कठीण आहे. एवढ्यात गुरुपौर्णिमा येते. दर्शनाची रांग लांब असते आणि महाराज प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, 'काय, जप होतोय ना?' मागचा माणूस ढकलतच असतो. पायावर डोकं ठेवा, 'आपली कृपा' म्हणा आणि प्रसादाच्या खोलीकडे वळा, शिरा गरम असतो तोवरच.